देवळालीचा मासा आणि नांदूरचा गाळ

नाशिकच्या नावावर जगात काय काय आहे, असं कुणी विचारलं तर तुम्ही धडाधड सांगाल. कुंभमेळा, द्राक्षं, वाइन, कांदा, झालंच तर मिसळ. या यादीत एक मासाही आहे, हे मात्र कट्ट्यावरच्या दहापैकी नऊ जणांना ठाऊक नसेल. त्याचं इंग्रजी नाव ‘देवळाली मिनो’. हो, आपलीच देवळाली. १९३८ साली सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा या शास्त्रज्ञांनी देवळालीत मिळालेल्या नमुन्यांवरून या माशाचं पहिल्यांदा वर्णन केलं. होरा पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. डोंगरी ओढ्यातले मासे हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता.

माशाच्या शास्त्रीय नावात ‘प्रेटरी’ असा शब्द आहे. तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्यावरून आला. हेच प्रेटर नंतर आपल्या संविधान सभेचे सदस्य होते. म्हणजे देशाच्या घटनेवर ज्यांनी चर्चा केली त्यांच्यातल्या एकाचं नाव दारणेतल्या बोटभर माशाला आहे. क्विझमध्ये हा प्रश्न टाकून बघा, कुणालाही येणार नाही.

आता थोडी गंभीर गोष्ट. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हा मासा ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. वाघ ‘संकटग्रस्त’ आहे. म्हणजे आपला मासा वाघाच्याही एक पायरी पुढे, कड्याच्या टोकावर उभा आहे. वाघासाठी सफारी असते, टी-शर्ट असतात, डॉक्युमेंटरी असतात. देवळालीच्या माशासाठी काय आहे? एक जागा आहे. तुमच्या कॉलेजपासून साधारण ४० किलोमीटरवर. तिचं नाव तुम्ही दर पावसाळ्यात बातम्यांमध्ये ऐकता: “नांदूर मध्यमेश्वरमधून इतके हजार क्युसेक विसर्ग.” दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की मोबाइल काढून पुराचे व्हिडिओ करणारे आपण, ते पाणी पुढे जातं कुठं हे बघायला कितीदा गेलो? या हिवाळ्यात जा.

काचेपलीकडचा ओढा

जाण्याआधी जरा लांबून सुरुवात करू. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लेक टाहोजवळ टेलर क्रीक नावाचा ओढा आहे. तिथल्या निसर्ग केंद्रात जमिनीच्या पातळीखाली एक खोली बांधली आहे. खोलीत उतरायचं, समोर मोठी काच, आणि काचेपलीकडे ओढ्याचं पाणी. दगड, वाळू, पाणवनस्पती आणि प्रवाहाकडे तोंड करून एका जागी तरंगणारे ट्राऊट मासे. पोरं काचेला नाक लावून बसतात. ट्राऊट हा पाश्चात्त्यांचा लाडका मासा. इतका लाडका, की इंग्रज इथं आले तेव्हा तो बरोबर घेऊन आले. काश्मीरमध्ये, हिमाचलात, निलगिरीत, मुन्नारच्या डोंगरात, जिथं पाणी थंड मिळालं तिथं त्यांनी तो सोडला. आजही काश्मीर नि हिमाचलच्या नद्यांत तो आहे.

नाशिकला तो का नाही? निफाडचा पारा तर दर जानेवारीत बातमी होतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात अमुक अंश तापमान, द्राक्षबागांत शेकोट्या, हे आपण वाचतोच. पण माशाला जानेवारीपुरती थंडी पुरत नाही. ट्राऊटला बारा महिने गार पाणी लागतं. पाण्याचं तापमान वीस अंशांच्या वर गेलं की त्याची तब्येत बिघडायला लागते. आपल्या मे महिन्यात त्याचं कालवण आयतंच होईल.

यामागचं कारण समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो. पाणी जितकं गार तितका त्यात जास्त ऑक्सिजन मावतो. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. फरक दीड मिलिग्रॅमचा, पण माशाच्या दृष्टीनं तो पगारातली कपात समजा. आणि पाणी दगडांवरून उड्या मारत, फुटत गेलं की हवा मिसळत राहते, म्हणून वाहता ओढा साचलेल्या डबक्यापेक्षा नेहमी ताजा.

देवळालीचा मासा ट्राऊटचा नातेवाईक नाही. पण राहणीमानाच्या अपेक्षा बघितल्या तर त्याच पंक्तीतला. त्याच्या कुळातल्या माशांचं तोंड खालच्या बाजूला असतं, दगडावरचं शेवाळ खरवडून खायला सोयीचं. वेगाच्या पाण्यात दगडाला धरून राहता यावं अशी अंगाची ठेवण. म्हणजे त्याला स्वच्छ दगड हवा, वाहतं पाणी हवं आणि ऑक्सिजन हवा. दगडावर गाळाचा थर बसला की त्याचं ताट झाकलं गेलं. एवढ्या साध्या कारणानं एक प्राणी जगातून जाऊ शकतो.

आणि तो तुम्हाला नांदूरला दिसेल का? आधीच सांगतो, दिसणार नाही. बोटभर मासा, पाण्याखाली, तोही इतका दुर्मीळ. आपल्याकडे टेलर क्रीकसारखी काचही नाही. मग जायचं कशाला? ज्या पाण्यावर त्याचं जगणं टांगलेलं आहे ते पाणी बघायला. आणि ते बघायला आपल्याकडे काचेपेक्षा भारी साधन आहे: पक्षी.

चुकलेलं धरण, जमलेलं अभयारण्य

इगतपुरीकडून येणारी दारणा देवळालीच्या बाजूनं वाहत चेहेडीवरून पुढे जाते आणि गोदावरीला मिळते. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी गंगापूर धरण, सोमेश्वर, रामकुंड, तपोवन असं शहर ओलांडून येते. दोघींचं पाणी एक होऊन निफाड तालुक्यात पोचतं, तिथं नांदूरजवळ कादवा येऊन मिळते. या संगमाखाली इंग्रजांच्या काळात, शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, दगडी बंधारा बांधला गेला. हेतू साधा होता. खालच्या दुष्काळी मुलखाला पाणी द्यायचं. बंधाऱ्यातून दोन कालवे निघाले आणि कोपरगाव, राहात्याकडची उसाची शेती त्या पाण्यावर उभी राहिली.

पण नदी नुसतं पाणी आणत नाही, मातीही आणते. पाणी बंधाऱ्याशी थांबलं, माती खाली बसली. वर्षानुवर्षं बसत राहिली. इंजिनिअरच्या नजरेनं बघितलं तर हे नुकसान, कारण पाणी साठवायची जागा गाळानं खाल्ली. पण त्या गाळाची बेटं झाली, उथळ पाणथळ झाली, कुठं गुडघाभर पाणी, कुठं घोट्याएवढं, कुठं नुसताच चिखल. त्यावर पाणवनस्पती उगवल्या, त्यांच्यात गोगलगायी, किडे, मासे वाढले आणि त्यांच्यामागे पक्षी आले. माणसानं बांधलेली एक गोष्ट ठरल्याप्रमाणे चालली नाही म्हणून काहीतरी वेगळंच चालू झालं. डॉ. सलीम अली इथं आले आणि त्यांनी या जागेला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हटलं. गंमत म्हणजे खुद्द राजस्थानातलं भरतपूरही माणसानं तयार केलेलंच पाणथळ, तेही राजेरजवाड्यांच्या बदकांच्या शिकारीसाठी.

१९८६ मध्ये नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत ते रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आली. रामसर हे इराणमधल्या एका गावाचं नाव. १९७१ मध्ये तिथं पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून हे नाव. नांदूरच्या रामसर नोंदीत ५३६ प्रजातींचा उल्लेख आहे, आणि नावानिशी सांगितलेल्या अतिसंकटग्रस्त जीवांमध्ये दोन जातींच्या गिधाडांबरोबर आपला देवळालीचा मासा आहे. त्याच नोंदीत धोक्यांचीही नावं आहेत: जलपर्णी, वाढतं शहरीकरण, पाण्याचा उपसा. यातलं शहर म्हणजे कुठलं, हे वेगळं सांगायला नको.

पाय बघा, चोच बघा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. गाडी असेल तर छत्रपती संभाजीनगर रोडनं निघायचं. नसेल तर निफाडपर्यंत बस किंवा रेल्वे आहे, पुढचं १२ किलोमीटरच्या आसपासचं अंतर शेअर गाडीनं. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. गावातली तरुण मुलं गाइड म्हणून काम करतात. त्यांना बरोबर घ्या. पैसे वाचवायच्या नादात हे टाळू नका. तुम्हाला जिथं ‘एक बदक’ दिसतं तिथं त्यांना पाच जाती दिसतात, आणि दुर्बिणीत नेमकं कुठं बघायचं ते सांगतात. पहाटे साडेसहाला तिथं असायचं म्हणजे नाशिकहून पाचला निघणं आलं. ग्रुपमधला एक जण झोपून राहतोच, त्याची वाट बघू नका.

मनोऱ्यावर चढलात की पहिली पाच मिनिटं कॅमेरा बाहेर काढू नका. नुसतं बघा. धुकं असतं. आधी आवाज येतात, मग आकार दिसायला लागतात. मग एकेक नाव शिका, कारण मराठीतली पक्ष्यांची नावं म्हणजे कुणीतरी नीट बघून ठेवलेली टोपणनावं आहेत. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला तो ‘वारकरी’. टोकाला पिवळी चोच आणि कपाळाशी लाल ठिपका असलेलं ‘हळदी-कुंकू’ बदक. फावड्यासारख्या चोचीचं बदक म्हणजे ‘थापट्या’. पातळ, लाल, काडीसारख्या पायांचा ‘शेकाट्या’. चमच्यासारखी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवत चालणारा ‘चमचा’. इंग्रजी नावं नंतर शिका, ती ॲपमध्ये असतातच.

आता खरा खेळ. पक्षी ओळखून झाले की पाणी ओळखा. शेकाट्या उभा आहे आणि त्याचे अर्धे पाय पाण्याबाहेर आहेत? तिथं पाणी वीतभर. चमचा पोटापर्यंत भिजलाय? तिथं खोल. पाणकावळा आणि टिबुकली बुडी मारतायत? तिथं तळ आणखी खाली. चिखलात नुसती चोच खुपसणारे छोटे पक्षी असतील तर तिथं पाणी जवळजवळ नाहीच. दहा मिनिटांत तुमच्या डोक्यात त्या तळाचा नकाशा तयार होतो, एकही काठी पाण्यात न बुडवता. गाळ कुठं किती साठलाय ते पक्षी उभे राहून दाखवतात.

तसंच खाण्याचं. उघड्या चोचीचा करकोचा दिसला म्हणजे तिथं गोगलगायी आणि शिंपले आहेत. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत हवेत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो. तो मारतोय म्हणजे त्याला वरून मासा दिसतोय, म्हणजे पाणी निदान तेवढं तरी नितळ आहे. हे लक्षात ठेवा: जो पक्षी बघून मासा पकडतो त्याला स्वच्छ पाणी लागतं. जो चोचीनं चाचपडून पकडतो त्याचं गढूळ पाण्यातही भागतं. एखादी जागा वर्षानुवर्षं बघणाऱ्या माणसाला पक्ष्यांच्या या हजेरीवरून पाण्याचे दिवस कसे आहेत ते कळतं. त्यासाठी एक सहल पुरत नाही. तिसऱ्यांदा गेलात की फरक दिसायला लागतो. फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, या वर्षी आलेत का एवढंच विचारून परत फिरणारे खूप असतात. रोहित कधी येतात, कधी फिरकत नाहीत. पण फक्त त्यांच्यासाठी जाणं म्हणजे क्रिकेटची मॅच फक्त टॉससाठी बघण्यासारखं आहे.

दोन-तीन सूचना, भाषण न देता. स्पीकर नेऊ नका. भडक रंगाचे कपडे नकोत. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही. आणि फोटोसाठी आजूबाजूच्या उसात शिरू नका. निफाडचा ऊस आणि बिबट्या यांचं नातं तुम्हाला माहीत आहे.

ऊन वर आलं की मनोऱ्यावरून उतरा आणि बंधाऱ्याकडे जा. इथं एकाच जागेत दोन जगं बघायला मिळतात. बंधाऱ्याच्या वर संथ, पसरट, गाळावरचं पाणी. खाली खडक, आणि पाणी सोडलेलं असेल तर दगडांवरून फुटत जाणारा प्रवाह. वर तळं, खाली ओढा. वरच्या पाण्यात मरळ, रोहू, कटला यांचं चालतं. चिलापीचंही चालतं, तिचं कुठंही चालतं. खालचा दगडधोंड्यांचा प्रवाह बघितलात की देवळालीच्या माशाला काय हवं होतं ते डोळ्यांनी समजतं. असं पाणी पूर्वी दारणेत आणि डोंगरातल्या ओढ्यांत मैलोन् मैल होतं. धरणं झाली, बंधारे झाले, वाळू उपसली गेली, सांडपाणी आलं. जिथं प्रवाह होता तिथं एकामागोमाग एक साचलेले डोह झाले. गाळानं नांदूरला पक्षी दिले हे खरं, आणि गाळच या माशाच्या मुळावर येतो हेही तितकंच खरं. निसर्गात एकाच गोष्टीची बाजू घेता येत नाही. म्हणून नद्यांना ‘सरसकट तळी’ करून टाकण्याची जी हौस आहे, नदीकाठ सुशोभीकरण वगैरे, तिच्याबद्दल माझं मत चांगलं नाही.

हिरवा गालिचा सुंदर नाही

नांदूरच्या पाण्यावर काही ठिकाणी तुम्हाला हिरवा गालिचा दिसेल. जांभळी फुलंही असतील. रील करायचा मोह होईल. ती जलपर्णी, मूळ दक्षिण अमेरिकेतली. तिला खत लागतं, आणि ते खत आपण पाठवतो. सांडपाण्यातलं नायट्रोजन, कपडे-भांड्यांच्या साबणातलं फॉस्फेट, शेतातून वाहून आलेलं खत. पुणे रोडवरच्या नासर्डी पुलावरून खाली बघा, किंवा पंचवटीत वाघाडी जिथं गोदावरीला मिळते तिथं उभे राहा. नाक बंद करावं लागलं तर तिथून सुरू झालेला प्रवास नांदूरला संपतो एवढं लक्षात ठेवा. तपोवनाच्या पुढे नदीवर फेसाचे ढीग तरंगतानाचे फोटो तुम्ही पेपरात बघितलेच असतील.

जलपर्णीचा थर पाण्यावर पसरला की खाली उजेड जात नाही, हवाही नीट मिसळत नाही. मेलेली जलपर्णी तळाशी कुजते आणि कुजताना जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन वापरतात. सांडपाण्याचंही तेच. त्यात विष असलंच पाहिजे असं नाही. नुसतं अन्नाचं, मैल्याचं पाणीसुद्धा माशाचा श्वास कोंडायला पुरतं. विष घातलेलं नसतानाही नदीत मेलेल्या माशांचा थर दिसतो तो बहुतेक वेळा यामुळे.

आता तुमच्या हातातली गोष्ट. सायन्सच्या मुलांनो, बीएस्सीच्या लॅबमध्ये तुम्ही विंक्लर पद्धत केली असेल. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची. बहुतेक जण ती नळाच्या पाण्यावर करतात, जर्नल पूर्ण करतात आणि विसरतात. तीच पद्धत घेऊन नदीवर जा. प्रोजेक्टला विषय शोधताय ना? हा घ्या.

एका सकाळी पाच ठिकाणचं पाणी घ्या: सोमेश्वर, रामकुंड, तपोवनाच्या खाली, दसक आणि सायखेडा. सहावी बाटली दारणेची, चेहेडीच्या वरच्या बाजूची, देवळालीच्या माशाच्या नावानं. अभयारण्याच्या हद्दीत नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी लागते. ती कॉलेजच्या लेटरहेडवर मागता येते, पण सुरुवातीला ही सहा ठिकाणं पुरेत. काचेची बुच असलेली बाटली पाण्याखाली भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. राहिला तर तुम्ही नदीचा नाही, हवेचा ऑक्सिजन मोजाल. मग तिथल्या तिथं, काठावरच, आधी मँगनीज सल्फेट आणि नंतर अल्कली-आयोडाइड घालायचं. हातमोजे घाला, आणि ही रसायनं सरांना किंवा मॅडमना विचारल्याशिवाय लॅबबाहेर नेऊ नका, त्यातलं ॲझाइड विषारी असतं.

आणि मग बाटली उलटसुलट करून हलवा आणि बघा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो. जितका जास्त ऑक्सिजन तितका गडद. ऑक्सिजन नसेल तर साका पांढरा राहतो. बस, इतकं साधं. टायट्रेशन, आकडे, ग्राफ हे सगळं नंतर लॅबमध्ये. पण काठावर उभं राहून एकाच नदीच्या पाच बाटल्या शेजारीशेजारी ठेवल्या, आणि त्यातला रंग एकीकडून दुसरीकडे उतरत गेलेला दिसला, तर कुठल्याही पोस्टरपेक्षा तो जास्त बोलतो. कॉमर्स आणि आर्ट्सवाल्यांनो, तुम्ही बाटल्या धरायला नि नोंदी करायला या. रंग ओळखायला केमिस्ट्री लागत नाही.

आकडा हातात आला की त्याची तुलना कशाशी करायची? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पाण्याचे वर्ग ठरवलेत. मासे आणि वन्यजीव जगावेत म्हणून लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन. माणसानं उघड्यावर आंघोळ करावी इतकं चांगलं पाणी म्हणायचं तर किमान ५. म्हणजे सरकारी कागदावर भाविकाच्या अंघोळीला माशापेक्षा थोडं बरं पाणी हवं. २०२७ च्या सिंहस्थात लाखो लोक या पात्रात उतरणार आहेत. तोवर दर महिन्याला, त्याच जागी, त्याच वेळी घेतलेले तुमचे आकडे तुमच्याकडे असतील तर नदीबद्दल कुणी काहीही दावा केला तरी तुम्हाला वही उघडून बोलता येईल. दावे सगळेच करतात, वही फार थोड्यांकडे असते.

वेळेचं पथ्य मात्र कडक पाळा. उजाडायच्या सुमाराला घेतलेला नमुना सगळ्यात खरा बोलतो. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन वापरतात, सूर्य वर आला की बनवायला लागतात. हिरव्यागार पाण्याचा दुपारी दोनचा आकडा बघून ‘नदी तर झकास आहे’ म्हणाल आणि पहाटे त्याच पाण्यात मासे वर येऊन तोंडं उघडत असतील. म्हणून सहा ठिकाणं आणि एक पहाट असेल तर दोन बाईक, दोन टीम हवेत. एक टीम सोमेश्वरहून खाली यायला लागेल, दुसरी सायखेड्याहून वर. दारणेवाला जो असेल त्यानं सरळ चेहेडी गाठायची.

पक्ष्यांचीही वही ठेवा. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते. ई-बर्डवर तुमची यादी टाकली की ती कायमची नोंद होते, आणि तुमच्या नावानं राहते. कवड्या खंड्या किती दिसले, थापटे किती, वारकरी किती. पाण्याची वही आणि पक्ष्यांची वही शेजारी ठेवून दोन हिवाळे गेले की जे दिसेल ते आजवर नाशिकच्या किती जणांनी बघितलं असेल?

निघायच्या आदल्या रात्री बाटल्यांवर लेबलं लावून ठेवा: ठिकाण, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, नाव. पेन्सिलनं लिहा, बॉलपेनची शाई ओली झाली की पसरते. साका बसलेल्या बाटल्या अंधारात, जुन्या मिठाईच्या खोक्यात कागद कोंबून ठेवल्या तरी चालतात, पण त्याच दिवशी लॅबमध्ये पोचल्या पाहिजेत. तेव्हा लॅब असिस्टंट काकांना शनिवारची वेळ आधी विचारून घ्या, आणि परत येताना मिसळीला थांबायचंच असेल तर बाटल्या आधी पोचवा.